आजोबांचा दाखला आणि एकच पीडीएफ

बारावी विज्ञानची मुलं जात वैधतेच्या मागे लागली की नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या सेवा केंद्रांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘हे सगळं एका पीडीएफमध्ये करून द्या.’ टेबलावर पसारा असतो. त्यात जातीचा दाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा, वंशावळ, शपथपत्र, सातबारा असं सगळं असतं. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने 6 सप्टेंबर 1950 रोजी निघाली. त्यामुळे त्याआधीची जमातीची नोंद पुरावा म्हणून फार मोलाची. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी घरांत असा पिवळा पडलेला एखादा कागद जिवापाड जपलेला असतो. तो ‘मर्ज’ होताना त्याचं काय होतं, हे त्या घरातल्या मुलांना ठाऊक असायलाच हवं.

पहिली गोष्ट म्हणजे दोन पीडीएफ नुसत्या एकीपुढे एक ठेवून जुळत नाहीत. पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम आधी फाइलच्या शेवटाकडे जातो. तिथे एका सूचीचा पत्ता असतो. कोणती वस्तू फाइलच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे, हे ती सूची सांगते. जुन्या पद्धतीच्या सूचीत प्रत्येक नोंद बरोबर 20 बाइटांची. पानं, अक्षरांचे साचे, चित्रं या सगळ्या क्रमांक दिलेल्या वस्तू आहेत. फायली नुसत्या चिकटवल्या तर प्रोग्रॅमला शेवटच्या फाइलची सूची सापडते, आधीची पानं फाइलमध्ये असूनही दिसत नाहीत, आणि त्या सूचीतले पत्तेही चुकलेले असतात.

म्हणून खरं काम नव्याने मांडण्याचं आहे. दोन्ही फायलींत पाच क्रमांकाची वस्तू असणारच. मग दुसरीतल्या सगळ्या वस्तूंना पुढचे क्रमांक मिळतात, त्यांचे उल्लेख जिथे जिथे आहेत तिथे बदलतात, सगळ्या पानांची एक नवी यादी तयार होते आणि अखेरीस बाइटांची सूची पुन्हा लिहिली जाते.

हे शक्य झालं ते पीडीएफच्या जन्मकथेमुळे. अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा 1984 ची. तिच्यातली फाइल म्हणजे प्रिंटरला दिलेला एक प्रोग्रॅमच. सातवं पान पहिल्या पानावर ठरवलेल्या गोष्टीवर अवलंबून असू शकतं, त्यामुळे मधलं पान उचलून दुसरीकडे लावणं जोखमीचं. अडोबीच्याच जॉन वॉर्नॉक यांनी 1991 मध्ये ‘कॅमेलॉट’ नावाची योजना लिहिली आणि 1993 मध्ये पीडीएफ आलं. त्यात आपल्याला कोणता फाँट, कोणतं चित्र लागतं हे प्रत्येक पान स्वतःच सांगतं. पान स्वयंपूर्ण झालं, म्हणून ते हलवता येऊ लागलं. वर्ड, एक्सेल आणि ब्राउझर या तिन्हींतून ‘प्रिंट’ दाबून एकच पीडीएफ करणारे आभासी प्रिंटर याच सोयीवर चालतात. छपाईची कामं ते रांगेत थांबवून ठेवतात, प्रत्येकाची पानं बनवतात आणि मग जुळवतात.

जुळवल्याने आकार मात्र कमी होत नाही, ढोबळमानाने बेरीजच होते. ए-फोर कागद 300 डीपीआयने रंगीत स्कॅन केला तर सुमारे 87 लाख ठिपके, प्रत्येकी 3 बाइट, म्हणजे कॉम्प्रेस करण्यापूर्वी 26 एमबी. तोच कागद 200 डीपीआय आणि राखाडी छटांत घेतला तर 4 एमबीच्या आत. अर्जाच्या साइटने घातलेल्या आकाराच्या मर्यादेत बसायचं तर कसर इथे, स्कॅन करतानाच काढावी. नुसतं काळं-पांढरं मात्र जुन्या रजिस्टरसाठी कधीही निवडू नये. फिकट शाईच्या छटा त्यात पांढऱ्यात जातात, आणि ज्या ओळीसाठी घर इतकी वर्षं तो कागद सांभाळत आलं ती ओळच पुसली जाते.

सर्वांत मोठा धोका डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याला असतो. ही स्वाक्षरी पानावरच्या शिक्क्यात नसते. फाइलमधल्या बाइटांवरून एक गणिती ठसा काढतात आणि तो स्वाक्षरीत बांधतात. एक बाइट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. जोडताना तर क्रमांक, पत्ते, सूची सगळंच बदलतं. नव्या फाइलमध्ये अधिकाऱ्याच्या नावाची चौकट दिसत राहते, पण ते उरतं निव्वळ चित्र. पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं तरी तेच होतं. सही झालेली मूळ फाइल म्हणूनच वेगळी जपावी. शिवाय पीडीएफच्या पोटात दुसरी फाइल जशीच्या तशी जोडपत्र म्हणून ठेवता येते. तिच्यातले बाइट हलत नाहीत, ती बाहेर काढून स्वाक्षरी तपासता येते.

देशातलं पहिलं आधार 2010 मध्ये शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आज आधार क्रमांक, जमातीचे पुरावे आणि जमिनीचे उतारे एकाच फाइलीत जातात. अशी फाइल कुठल्याही अनोळखी ‘फ्री मर्ज’ साइटवर चढवणं मला अजिबात पटत नाही. क्यूपीडीएफ, घोस्टस्क्रिप्ट यांसारखी मोफत साधनं केंद्राच्या संगणकावरच चालतात. कागद दुकानाबाहेर जात नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज गेलेली असली तरी जुळणी थांबत नाही, नेट लागतं ते शेवटी अर्ज चढवताना.