'तोत्तोचान' आपल्या घरात वाचावं, ते का?

चौथीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेलं मूल पाचवीला मराठी शाळेत जातं तेव्हा पालकांना काळजी असते गणित-विज्ञानाची. मुलाची काळजी वेगळीच असते: मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसायचं? शिरूर-दौंडकडच्या आपल्या घरांना हा प्रश्न नवा नाही. अशा मुलाच्या हाती 'तोत्तोचान' जरूर द्यावं.

जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या बालपणावर लिहिलेलं हे पुस्तक 1981 साली आलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढला. वाचताना ते कादंबरीच वाटतं. वर्गात स्वस्थ बसत नाही म्हणून पहिलीतच शाळेतून काढलेली तोत्तोचान तोमोई शाळेत येते. तिथले वर्ग भरतात आगगाडीच्या जुन्या डब्यांत! दौंड जंक्शनच्या मुलांना डब्यांचं काय अप्रूप म्हणा, पण न हलणाऱ्या डब्यात बसून शिकायला त्यांनाही आवडेल. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत 4 तास तिचं बोलणं ऐकून घेतात. जेवताना ते एवढंच बघतात, की डब्यात काही समुद्रातलं आणि काही डोंगरातलं आहे ना. नसेल ते त्यांची पत्नी वाढते. झाकण आड धरून जेवणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून हे पान मला फार आवडतं.

पण सर्वांत मोलाचं प्रकरण आहे मसाओचं. हा कोरियन मुलगा वाटेत तोत्तोचानवर 'कोरियन!' असं ओरडतो, शिवी घातल्यासारखं. ती घरी सांगते तेव्हा आईचे डोळे भरून येतात. लोकांनी त्याला इतक्यांदा तसं हिणवलं असेल, की आपल्या कौमचं नाव म्हणजे शिवीच असं तो समजून बसलाय. आपल्या मुलांना हे निराळं समजवावं लागणार नाही. सूरह हुजुरातमध्ये (आयत 11) वाईट नावांनी हाक मारायला मनाई आहे. ती आपल्या मुलांच्या तोंडालाही लागू आहे, हे मात्र याच वेळी सांगावं. तोत्तोचान ठरवते, पुन्हा भेटला तर त्याच्याशी मैत्रीच करायची.

प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत. ईशानंतर रोज एक, अम्मीनं किंवा आपानं मोठ्यानं वाचावं. मराठी आपोआप रुळते. शेवटाकडे पोलिओ झालेला तिचा मित्र यासुआकी जग सोडून जातो. तिथे मुलं रडतात, रडू द्यावं. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात शाळाही जळते. ती जळताना पाहत कोबायाशी शेजारी उभ्या मुलाला विचारतात, आता पुढची शाळा कशी काढायची?