ठिणगी आणि शक्ती : एका तांत्रिक दाव्याचे वाचन



तांत्रिक मजकूर समोर आला की भाषेचा विद्यार्थी बहुधा दोन पावले मागे सरतो. 'हा आपला प्रांत नव्हे' अशी त्याची समजूत असते. या घटकात आपण मुद्दाम असाच एक मजकूर वाचावयास घेत आहोत. वेगवान मोटारींच्या हौशी मालकांना उद्देशून केल्या जाणाऱ्या जाहिरातींत एक दावा वारंवार आढळतो : मूळची इग्निशन कॉइल आणि स्पार्क प्लग काढून आमचे बसवा, ठिणगी जोरदार पडेल आणि इंजिनाची शक्ती वाढेल. हा दावा खरा आहे काय? आपल्यापैकी जे गॅरेजात वा कारखान्यात काम करतात त्यांना या प्रश्नाचे निम्मे उत्तर ठाऊक असेल. उरलेले निम्मे शब्दांत दडलेले आहे.

प्रथम दोन संज्ञा वेगळ्या करू. 'प्रज्वलन' म्हणजे पेटवणे आणि 'ज्वलन' म्हणजे जळणे. दीपप्रज्वलन करून पाहुणे आसनावर जाऊन बसतात. त्यानंतर समई जळते ती तेलावर. वात काडीने पेटवली काय किंवा मशालीने पेटवली काय, उजेडात फरक पडत नाही. पेट्रोल इंजिनातही हेच घडते. सुमारे अर्ध्या लिटरचा एक सिलिंडर हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणाने पूर्ण भरला, तर एका स्फोटात दीड हजार जूलांहून अधिक ऊर्जा मोकळी होते. ठिणगीची ऊर्जा साधारणपणे ०.०३ ते ०.१ जूल असते. ही चिमूटभर ऊर्जा दुप्पट केली तरी चाकांपर्यंत काही पोहोचत नाही. शिवाय योग्य प्रमाणातील, स्थिर मिश्रण पेटण्यास एका जूलाच्या हजाराव्या भागाहूनही कमी ऊर्जा पुरते. म्हणजे कारखान्यातून आलेली साधी कॉइलदेखील गरजेच्या कित्येक पट देत असते. एकदा मिश्रण नेमाने पेटू लागले की प्रज्वलनाचे काम संपले. शक्ती ठरते ती आत किती हवा आणि इंधन गेले यावर, आणि ठिणगी कोणत्या क्षणी पडली यावर.

या 'क्षणा'विषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण इथे गल्लत फार होते. ठिणगीचे टायमिंग बदलल्याने शक्ती खरोखर बदलते. ठिणगी फार लवकर पडली तर नॉकिंग होऊन इंजिनाचे नुकसानही होते. परंतु टायमिंग ठरवतो तो संगणक, कॉइल नव्हे. दोन्ही कामे एकाच दिवशी करून घेतली आणि गाडी अधिक जोमाने पळू लागली, तर श्रेय मात्र नव्या चकचकीत कॉइलला मिळते.

मग हे भाग घेणारे सगळेच फसतात का? नाही. निस्सानच्या स्कायलाइन जीटी-आर या जपानी मोटारीचे उदाहरण घेऊ. १९८९ ते २००२ या काळात तिच्या तीन पिढ्या आल्या आणि तिन्हींत आरबी२६डीईटीटी हेच इंजिन होते : २.६ लिटर, एका ओळीत ६ सिलिंडर, दोन टर्बोचार्जर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असून त्या इंजिनाच्या माथ्यावर, झाकणाखालच्या उष्णतेत बसतात. हे मालक टर्बोचा दाब मूळच्यापेक्षा बराच वाढवतात. दाब वाढला की सिलिंडरातील हवा दाट होते, आणि दाट हवेतून ठिणगीला उडी मारण्यास अधिक व्होल्ट लागतात. तेवढे व्होल्ट न मिळाल्यास ठिणगी पडतच नाही. आपल्याकडच्या गॅरेजच्या भाषेत, इंजिन 'मिसिंग' करते. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाते ते वेगळेच. अशा वेळी प्लगची १.१ मिलिमीटरची फट ०.८च्या आसपास आणणे हा स्वस्त उपाय, आणि नंतरच्या मॉडेलच्या दमदार कॉइल बसवणे हा महाग उपाय. इथे नवी कॉइल खरोखर उपयोगी पडते. पण ती शक्ती निर्माण करीत नाही, गळती थांबवते. कॉइल जुन्या होऊन तापल्यावर दगा देत असतील, तर मूळ पद्धतीच्या नव्या कॉइलनेही बराचसा तोच गुण येतो.

पूर्वीच्या ८ सिलिंडरच्या अमेरिकन इंजिनांची गोष्ट निराळी होती. तिथे एकच कॉइल सर्व सिलिंडरांना पुरवठा करी. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर तिला सेकंदाला ४०० ठिणग्या द्याव्या लागत; दोन ठिणग्यांमध्ये २.५ मिलिसेकंद, तेवढ्यात कॉइल पुरती भरतही नसे. तेव्हा सुधारित इग्निशनचा लाभ निर्विवाद होता. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आल्यावर त्याच वेगात तिला २० मिलिसेकंद मिळू लागले. जाहिरातीचे शब्द मात्र जुन्याच काळात राहिले.

आता त्या शब्दांकडे पाहू. 'अधिक शक्ती' यातील 'अधिक' हे तुलनावाचक विशेषण आहे आणि त्याला 'पेक्षा'ची अपेक्षा असते. कशापेक्षा अधिक? झिजलेल्या प्लगपेक्षा, की नव्या मूळ प्लगपेक्षा? पहिल्या तुलनेत दावा खरा ठरतो, दुसरीत बहुधा कोसळतो. म्हणूनच 'पेक्षा' गाळलेला असतो. तसेच '४० हजार व्होल्टपर्यंत' यातील 'पर्यंत'. कॉइलचा व्होल्टेज फट ओलांडली जाईपर्यंतच चढतो. ठिणगी १५ हजारांवर पडली, तर उरलेले २५ हजार छापील कागदावरच राहतात. जाहिरातदार खोटे बोललेला नाही. 'पर्यंत' लहान अक्षरांत आहे, एवढेच. प्लॅटिनम वा इरिडियम प्लगांच्या बाबतीत 'दीर्घायुषी' हा शब्द मात्र मी मान्य करीन. ते टोक खरोखर कमी झिजते.

स्वाध्याय : गाडीचे तेल, बॅटरी किंवा टायर यांची एखादी मराठी जाहिरात घ्या. तीत तुलनावाचक शब्द कोणते, त्यांतील कोणत्या शब्दाला 'पेक्षा' जोडलेला नाही, आणि तो जोडल्यास वाक्याचा अर्थ कसा बदलतो, हे सुमारे १५० शब्दांत लिहा.