इंजिनाचे वय पाटीवरच्या पत्त्यात

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी येण्याआधी बागायतीची भिस्त विहिरीवर होती. आधी मोट, मग तेलावरचे इंजिन, मग विजेची मोटर. मोटेला संग्रहालयांत जागा मिळाली, मोटर अजून चालते. मधले इंजिन मात्र किलोच्या भावाने भंगारात गेले. जी उरली आहेत ती ‘आजोबांच्या वेळची’ एवढ्यावरच ओळखली जातात, आणि आजोबा कोणाचे यावर तीस-चाळीस वर्षांचा फरक पडतो. अशा इंजिनाचे वय ठरवताना घरच्या आठवणीपेक्षा आणि त्याच्या रूपापेक्षाही पाटीवरचा पत्ता जास्त भरवशाचा मानावा.

रूपावर विसंबण्यात धोका आहे. दोन मोठी चाके आणि मिनिटाला ६५० फेरे ही इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीच्या संथ इंजिनाची ठेवण. ती साधारण १९३०च्या सुमाराची. पण राजकोटच्या कारखान्यांनी त्याच घडणीची इंजिने पुढे कित्येक दशके ओतली. म्हणजे ठेवण पाहून ‘याआधीचे नाही’ इतकेच म्हणता येते. पत्त्याचे तसे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावहून १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत आला आणि किर्लोस्करवाडी वसली. संस्थान १९४८ साली विलीन झाले. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली पडले. वाडी जागची हलली नाही, तिच्या वरचे सरकार आणि जिल्हा तेवढा बदलत गेला. म्हणून तिथल्या पंपावर ‘दक्षिण सातारा’ असेल तर त्याचा काळ जेमतेम अकरा वर्षांत सापडतो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ची, पुण्याची. तिचे नाव असलेले इंजिन त्याआधीचे असूच शकत नाही. पत्त्यात सहा आकडी पिनकोड दिसला तर पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.

यावर पहिली हरकत अशी की पाटी रिव्हेटची असते, ती निघते आणि दुसऱ्या इंजिनावर बसते. खरे आहे. म्हणून एकट्या पाटीवर निकाल देऊ नये. बिडाच्या अंगावर ओतलेली अक्षरे बदलता येत नाहीत; पाटी आणि ओतीव नाव जुळले नाही, तर आधी ओतीव नावाचे ऐकावे. नट-बोल्टांच्या आट्यांचीही साक्ष काढावी: जुन्या व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. मात्र ही साक्ष कच्ची. मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा असला, तरी जुन्या साच्यांवर चालणाऱ्या कारखान्यातून इंच एका कायद्याने हद्दपार होत नाही.

दुसरी हरकत अधिक बारीक आहे: छापून ठेवलेल्या पाट्या संपेपर्यंत कारखाना वापरणारच. तेव्हा पत्त्याची वरची मर्यादा वर्ष-दोन वर्षे सैल धरावी. खालची घट्टच राहते, कारण जिल्हा जन्माला येण्याआधी त्याचे नाव कोणी छापत नाही. नेमके वर्ष हवे असेल तर कंपनीच्या नोंदवहीत क्रमांक शोधावा हे बरोबर. पण छोट्या फाउंड्रीचे दप्तर बहुधा फाउंड्रीबरोबरच जाते.

जुन्नरला ही रीत परकी वाटू नये. मानमोडीच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याच्या लेखात ‘वर्ष ४६’ असे कोरलेले आहे. परिसरातल्या इतर बहुतेक लेखांचा काळ अभ्यासकांनी अक्षरांच्या वळणावरून, नावांवरून ठरवला. त्या लेखांत कासारांच्या आणि वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीही, म्हणजे व्यवसायसंघही, येतात. दोन हजार वर्षांपूर्वीचे कारागीर आपण इतक्या चिकाटीने शोधतो, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या ओताऱ्याचे नाव गंजू देतो, हे विचित्रच.

जुन्नर-आंबेगावात कोणाच्या गोठ्यात असे इंजिन पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी पाटीचा, ओतीव अक्षरांचा आणि पंपाचा फोटो काढा, आणि ते कोणत्या विहिरीवर चालत होते ते मागे लिहून ठेवा. पाटी घासून चकचकीत मात्र करू नका; त्यात आधी पुसट अक्षरेच जातात.