हाकेसरशी माघारी येणारा कुत्रा

अंगणात ‘ये’ म्हटलं की धावत येणारा कुत्रा समुद्रकिनारी मोकळा सोडला, की दहा हाका मारल्या तरी वळूनही पाहत नाही. मालक म्हणतो, “कळतं त्याला सगळं, मुद्दाम करतोय!” खरंच कळतं का?

कुत्र्याच्या दृष्टीनं ‘ये’ ही एक खूण आहे. ती शिकताना त्यानं नुसता आवाज टिपलेला नसतो. अंगण, संध्याकाळची वेळ, मालकाच्या हातातला भाकरीचा तुकडा, हे सगळं त्या खुणेचा भाग झालेलं असतं. किनाऱ्यावर यातलं काहीच नसतं. त्यामुळे तिथली हाक ही त्याला निम्मी अनोळखी असते. पाढे घरी घडाघडा म्हणणारं मूल फळ्यापाशी अडखळतं, तेव्हा आपण त्याला लबाड म्हणत नाही. (निदान म्हणू नये.)

दुसरी अडचण मोबदल्याची. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांजरांना पेटीत कोंडून, बाहेर खाणं ठेवून प्रयोग केले. ज्या हालचालीनं दार उघडतं ती हालचाल मांजर पुढच्या वेळी लवकर करतं, असं त्याला दिसलं. ज्या कृतीचा शेवट गोड, ती पुन्हा होते. आता किनाऱ्यावर पाहा. पळणारे खेकडे, वाळत घातलेल्या मासळीचा वास, उडणारे पक्षी हे सगळं एका बाजूला आणि मालकाची हाक दुसऱ्या बाजूला. त्यातून मालक हाक बहुधा कधी मारतो? घरी जायची वेळ झाली की! म्हणजे हाक ऐकून आलं, की गळ्यात साखळी आणि मजा संपली. अशा चार फेऱ्यांत कुत्रा न येणं शिकतो, आणि ते आपणच त्याला शिकवलेलं असतं. उशिरा आला म्हणून फटका दिला तर आणखी बिघडतं, कारण त्याच्या लेखी फटका पळण्याचा नसतो, जवळ येण्याचा असतो.

मग करायचं काय? एक वेगळाच शब्द किंवा शिट्टी ठरवावी, जी एरवी कुणी वापरत नाही. सुरुवात घरात, दोन पावलांवरून. प्रत्येक वेळी आल्यावर खाऊ, आणि लगेच पुन्हा मोकळं सोडायचं. दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा ‘जा, खेळ’. मग अंगण, वाडीतली वाट, शाळेचं रिकामं मैदान. प्रत्येक नव्या जागी पुन्हा दोन पावलांपासून. ही पायरी कंटाळवाणी म्हणून लोक गाळतात, आणि सगळं घोडं तिथंच अडतं. हाक एकदाच मारावी. पाच-पाच वेळा ओरडलं, तर पहिल्या चार हाका सोडून द्यायच्या असतात हेही कुत्रा शिकतो.

किनाऱ्यावरचे पहिले काही आठवडे आठ-दहा मीटर लांबीची दोरी बांधावी. ती गळपट्ट्याला न बांधता छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याला बांधावी, म्हणजे धावता धावता हिसका बसला तरी मानेला इजा होत नाही. दोरी ओढायची नसते. हाक न ऐकता पुढची मजा मिळू नये, एवढंच तिचं काम. येणं पक्कं झालं, की खाऊ कधी द्यावा, कधी नुसतं थोपटावं. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ सालच्या त्यांच्या ग्रंथात दाखवलं, की अधूनमधून, अनिश्चितपणे मिळणाऱ्या बक्षिसानं लागलेली सवय बक्षीस थांबलं तरी लवकर मोडत नाही. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता जागा आणि वेळ. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, म्हणजे संध्याकाळी पुळण जवळजवळ उरतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी बाराच्या सुमाराला भरती आणि सहाच्या सुमाराला ओहोटी, त्यामुळे वाळू ऐसपैस मिळते. मात्र हे उधाणाचे दिवस असतात. पाणी मागे जातं तसंच वेगानं परत येतं, म्हणून खाडीच्या मुखाजवळ कुत्रा सोडू नये. उन्हात तर नकोच. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना, बाकी उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून. वाळूवर हाताचा पालथा पंजा पाच-सात सेकंद टेकवता आला नाही, तर त्याचे पायही पोळणार.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, रक्तातल्या प्रमाणाच्या जवळजवळ चौपट. असं पाणी पोटात गेलं की ते आतड्यात शरीरातलंच पाणी ओढून घेतं. उलट्या-जुलाब होतात, आणि फार प्यायलं तर रक्तातलं सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो. म्हणून गोडं पाणी बरोबर न्यावं आणि कुत्र्यानं मागायच्या आत पाजावं. जाळ्यातून फेकलेल्या मासळीत फुगणारा विषारी केंड मासाही असू शकतो. त्यासाठी ‘सोड’ ही दुसरी खूण घरीच पक्की करून घ्यावी.

कितीही शिकलेला असला तरी काही ठिकाणी कुत्रा बांधूनच ठेवावा. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि वाळूखालची अंडी हुंगून उकरणं कुत्र्याला मुळीच अवघड नाही. हजारो किलोमीटर उडून आलेले पाणथळीचे छोटे पक्षी याच काळात ओल्या वाळूवर चरत असतात. दर वेळी उठवले, तर परतीसाठी साठवायची चरबी उडण्यातच खर्च होते. लहान मुलं खेळत असतील किंवा भटक्या कुत्र्यांची टोळी दिसली, तरीही दोरी हातात हवी. रेबीजची लस वेळेवर टोचलेली असणं ही तर पहिलीच अट.

घरी आल्यावर गोड्या पाण्यानं अंग, कान आणि बोटांच्या बेचक्या धुऊन कोरड्या कराव्यात. मीठ आणि वाळू तिथंच अडकून राहते आणि खाजवून खाजवून जखमा होतात.