शेडला सळई ठोकली, तरी शॉक का बसतो?
यावलच्या केळीपट्ट्यात घरापासून सुटी ट्रॅक्टरची शेड दिसतेच. घरातून वायर ओढली, शेडजवळ सळई ठोकली की अर्थिंग झाले, असा समज. गणित बघा. उन्हाळ्यात काळी जमीन सुकून सळईचा रोध २० ओहम झाला, तर २३० व्होल्टला प्रवाह जेमतेम ११.५ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी ट्रिपच होत नाही. पंपाच्या बॉडीत करंट उतरलेलाच राहतो. म्हणून शेडच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. आयएस ३०४३ नुसार अर्थिंगचा जीआय पाइप किमान अडीच मीटरचा असावा. घरातून येणाऱ्या केबलमध्ये अर्थची वेगळी तारही घ्या. न्यूट्रललाच अर्थ जोडण्याचा जुगाड (तो सर्रास चालतो) मात्र नको. न्यूट्रल तुटला की बॉडीत थेट करंट येतो. आरसीसीबीचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा.