४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येची परीक्षा

चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लक्ष, सदुसष्ट हजार, दोनशें सत्त्याण्णव. दोनाचा बत्तिसावा घात घेऊन त्यांत एक मिळवावा, म्हणजे ही संख्या हातीं येते. एका थोर गणितज्ञाचें अनुमान या संख्येनें नव्वद वर्षांनंतर धुळीस मिळविलें.

जिला एक व ती स्वतः यांखेरीज भाजक नाहीं ती मूळ संख्या, हें श्रोत्यांस शाळेपासून ठाऊक आहे. फ्रान्सांतील तुलूज येथील न्यायाधिकारी पिएर द फर्मा याच्या असें ध्यानांत आलें कीं, दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा घात घेऊन प्रत्येकांत एक मिळविला असतां ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात, आणि त्या पांचही मूळ आहेत. घातांक असाच दुप्पट करीत गेल्यास पुढील प्रत्येक संख्या मूळच निघेल, असें त्यानें १६४० सालीं कळविलें. सिद्धता मात्र आपणांपाशीं नाहीं, हेंही त्यानें प्रांजळपणें सांगितलें.

१७२९ सालीं गोल्डबाखनें पत्र लिहून तरुण ऑयलरचें लक्ष या विधानाकडे वेधलें. सरळ मार्गानें जावें तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या, सर्व मूळ संख्यांनीं भागून पाहावें लागेल. आणि त्या भरतात ६,५४२! तथापि १७३२ सालीं ऑयलरनें ६४१ हा भाजक पुढें मांडला. या संख्येच्या कोणत्याही मूळ भाजकास ६४ नें भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे, हें त्यानें पुढें सिद्ध केलें. असा नियम हातीं असला म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ एवढ्याच संख्या क्रमानें तपासावयाच्या. पांचव्या भागाकारांत काम संपतें. दुसरा अवयव ६७,००,४१७, तोही मूळच. आश्चर्य हें कीं, दोनाच्या सदतिसाव्या घातांतून एक वजा करून येणाऱ्या संख्येचा २२३ हा भाजक फर्मानें अशाच एका नियमानें त्याच वर्षीं शोधला होता. येथें तो पांच भागाकार करावयास कां थांबला नाहीं?

प्रत्यक्ष भागाकार न करतांही खात्री पटते. ६४१ मधून १ काढला असतां उरणारे ६४० म्हणजे पांच गुणिलें दोनाचा सातवा घात. म्हणून ६४० चा चौथा घात ६४१ नें भागल्यास बाकी १ उरते. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिलें दोनाचा अठ्ठाविसावा घात. पण ६२५ अधिक १६ म्हणजेच ६४१. तेव्हां ६२५ च्या जागीं उणे १६ घेतले तरी बाकी तीच राहते. म्हणजे उणे दोनाचा बत्तिसावा घात बाकी १ देतो, आणि त्या घातांत एक मिळवितांच बाकी कांहींच उरत नाहीं.

१७९६ सालीं गाउसनें याच मालिकेचा संबंध भूमितीशीं जोडला. कंपास व पट्टी एवढ्याच साधनांनीं ४,२९,४९,६७,२९७ बाजूंची समभुज व समकोन आकृति काढणें अशक्य. परंतु दोनच बाजू कमी असलेली काढणें तत्त्वतः शक्य आहे. कारण ४,२९,४९,६७,२९५ हा त्या पहिल्या पांच मूळ संख्यांचाच गुणाकार होय!

फर्माच्या मालिकेंत सहावी मूळ संख्या अद्याप कोणासही आढळलेली नाहीं. या संख्येच्या लगतच्या पुढील सत्तावीस संख्या संयुक्त असल्याचें सिद्ध झालें आहे; त्यांपैकीं बहुतेकींचे सर्व अवयव मात्र आजच्या यंत्रांसही पाडतां आलेले नाहींत.