होडीला यंत्र किती शक्तीचें असावें?

घोडेगांवाहून भीमाशंकरकडे निघालेला रस्ता डिंभे धरणावरून पुढें डोंगर चढून तळेघरास जातो. घोड नदीच्या ह्या धरणामागें सांठलेल्या पाण्यास हुतात्मा बाबू गेनू ह्यांचें नांव दिलेलें आहे. १९३० सालीं मुंबईंत परदेशी कापडाच्या मोटारीपुढें प्राण देणारा हा तरुण ह्याच आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळचा. तालुक्याला ज्या गांवानें नांव दिलें, तें जुनें आंबेगांव आज ह्याच पाण्याखालीं आहे.

गांवाबरोबर शेतेंही बुडालीं. येथील महादेव कोळी नांवानें कोळी असले तरी मुंबईच्या किनाऱ्यावरील सोनकोळ्यांसारखे पिढीजात दर्यावर्दी नव्हेत. ते डोंगरउतारावर भात व नाचणी पिकविणारे शेतकरी. जमीन गेल्यावर त्यांतील कित्येकांनी ह्याच पाण्यावर मासेमारी आरंभिली. पिढीजात धंद्यांत आजोबा नातवाला अवजाराची पारख शिकवितो. नव्या धंद्यांत ती सोय नसते. म्हणूनच वल्ह्याऐवजीं यंत्र घ्यावें असें मनांत आलें, कीं किती शक्तीचें घ्यावें, हा प्रश्न तेथें फार महत्त्वाचा ठरतो. एका चुकीच्या खरेदीनें दोन-तीन हंगामांची कमाई कर्जांत जाऊं शकते.

होडीच्या मागील फळीस बाहेरून अडकवावयाचें हें यंत्र आउटबोर्ड मोटार ह्या नांवानें ओळखलें जातें. वर इंजिन, मध्यें उभा दांडा, खालीं पाण्यांत फिरणारा पंखा, आणि सगळें यंत्रच वळवून होडीची दिशा बदलण्याची सोय, अशी त्याची रचना असते. नॉर्वेंत जन्मलेले व अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं स्थायिक झालेले ओले एव्हिनरूड ह्यांनीं १९०९ सालीं दीड अश्वशक्तीचें असें यंत्र बाजारांत आणलें. त्यांच्या नांवाच्या यंत्रांचें उत्पादन २०२० सालीं थांबलें. परंतु ती मूळ रचना जगभर रूढ झाली आहे.

आतां मुख्य प्रश्न. धडधाकट माणूस बराच वेळ वल्हें मारतो, तेव्हां त्याच्या अंगची शक्ति सुमारें एक दशांश अश्वशक्ति भरते. म्हणजे एक अश्वशक्तीचें यंत्र हें दहा वल्हेकऱ्यांच्या बरोबरीचें. मग दहा अश्वशक्ति घेतल्यास होडी वाऱ्यासारखी धांवेल, असें कोणासही वाटेल. परंतु पाणी हा हिशेब मानीत नाहीं.

होडी पुढें सरकतांना पाणी बाजूस सारते आणि स्वतःची एक लाट उठविते. गति वाढूं लागली, कीं ही लाट लांबत जाते. आणि लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली, कीं होडी आपणच उठविलेल्या लाटेचा चढ चढूं लागते. त्यापुढें शक्ति कितीही वाढवा, ती मुख्यतः लाट मोठी करण्यांत खर्च होते. ही मर्यादा काढण्याची रीत सोपी आहे. पाण्यांत बुडालेल्या भागाची लांबी मीटरमध्यें घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्यास साडेचारांनीं गुणावें. उत्तर ताशीं किलोमीटरमध्यें येतें. ४ मीटर लांबीच्या होडीस ही मर्यादा ताशीं ९ किलोमीटर पडते. सपाट तळाची हलकी होडी मोठ्या यंत्रानें पाण्यावर उचलली जाते व ही मर्यादा ओलांडते, हें खरें. परंतु जाळें, मासे आणि दोन माणसें ह्यांनीं जड झालेल्या मासेमारी होडीचें तें काम नव्हे.

ह्या मर्यादेच्याही बरेंच आंत राहणें शहाणपणाचें. पाण्याला कापून जाण्यास लागणारी शक्ति साधारणतः गतीच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. समजा, जाळीं ६ किलोमीटर दूर आहेत. जाऊन-येऊन १२ किलोमीटर झाले. ताशीं ६ किलोमीटरनें दोन तास लागतील, ताशीं ९ नें एक तास वीस मिनिटें. गति दीडपट, म्हणून शक्ति सुमारें सव्वातीन ते साडेतीन पट, वेळ दोन-तृतीयांश, तेव्हां तेवढ्याच अंतरास इंधन किमान सव्वादोन पट. चाळीस मिनिटें वांचलीं, आणि त्यांची किंमत तेलाच्या डब्यांतून गेली. मासे शहराच्या गाडीस वेळेवर पोंचवावयाचे असतील, तर ती किंमत कधीं परवडतेही. रोजच्या फेरीस ती परवडत नाहीं.

म्हणून भार हा खरा मापदंड होय. होडी, माणसें, जाळीं व मासे मिळून जितके टन होतील, त्या प्रत्येक टनास ३ ते ५ अश्वशक्ति पुरे. अर्ध्या टनाच्या होडीस दोन-अडीच अश्वशक्तीचें यंत्र चालतें. त्यांत थोडी भर घालण्यास मात्र एक कारण आहे. हा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारें सातशें मीटर उंच आहे. उंचीवर हवा विरळ, आणि दर शंभर मीटरला इंजिनची शक्ति सुमारें एक टक्क्यानें घटते. तेव्हां किनाऱ्यावर तपासलेलें यंत्र येथें सात टक्के कमी काम देईल. वाऱ्याच्या दिवशीं परत येण्याइतकी शिल्लकही ठेवावी. तरी सर्व जमेस धरून तीन ते चार अश्वशक्तीच्या वर जाण्याची गरज अशा होडीस पडत नाहीं.

इंजिनच्या प्रकाराचा विचार त्यानंतर. टू-स्ट्रोक यंत्र हलकें व स्वस्त. परंतु जुन्या पद्धतीच्या यंत्रांत भरलेल्या इंधनापैकीं पाव भागापर्यंत न जळतांच धुरांतून बाहेर पडतें, आणि तेल पाण्यांत मिसळतें. हें पाणी कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनीं खालच्या शेतांस जातें, हें विसरतां येत नाहीं. फोर-स्ट्रोक यंत्र किंचित् जड व महाग, पण पूर्ण वेगांत दर अश्वशक्तीस ताशीं सुमारें ४०० मिलिलिटर पेट्रोलांत भागवितें. विजेचें यंत्र निःशब्द व निर्मळ. परंतु शंभर अँपिअर-तासांची १२ व्होल्टची शिशाची बॅटरी ३० किलोच्या आसपास भरते आणि तिची अर्धीच वीज वापरावी असा संकेत आहे. मंद गतीनें तास-दीड तासाची ती मजल. जाळें कांठाजवळ लावणाऱ्यास पुरेशी, दूर जाणाऱ्यास अपुरी.

दांड्याची लांबी हा भाग बहुधा दुर्लक्षिला जातो. मागील फळी सुमारें ३८ सेंटिमीटर उंच असल्यास आखूड दांडा, ५१ च्या आसपास असल्यास लांब दांडा घ्यावा. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीस किंवा थोडी खालीं यावी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खालीं गेली तर दगडास लागतो. उन्हाळ्यांत पाणी उतरूं लागलें, कीं डिंभ्याच्या पाण्याखालचे खुंट, भिंती व खडक वर येऊं लागतात. लहान यंत्रांत पंखा आदळतांच तुटणारी एक पिन मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते, म्हणजे गिअर वांचतात. तशा दोन जादा पिना व पान्हा होडींत सदैव असावेत. पंखा मात्र जड होडीसाठीं कमी तिरकस पात्यांचा निवडावा. भरलेल्या होडीनें यंत्र पूर्ण सोडलें असतां तें ठरीव फेऱ्यांपर्यंत पोंचत नसेल, तर पातीं फार तिरकस आहेत असें समजावें.

खरेदीपूर्वीं आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. जलाशयावर यंत्र चालविण्यास जलसंपदा विभागाची परवानगी आहे काय; सुटे भाग व दुरुस्ती जवळ मिळते काय; आणि चालकाच्या मनगटास बांधावयाची सुरक्षा-दोरी यंत्रासोबत येते काय. माणूस पाण्यांत पडला, कीं ही दोरी ओढली जाऊन यंत्र आपोआप थांबतें. ती नसेल तर फिरता पंखा त्याच्याच अंगावर येतो. सुरक्षा-जाकीट ह्या हिशेबांत धरलेलेंच आहे.

तात्पर्य असें, कीं प्रथम होडीची लांबी मोजावी, मग भार, मग जाळ्यांचें अंतर. आणि यंत्राची शक्ति ह्या तिन्हींनंतर. दुकानांत हा क्रम बहुधा उलटा लागतो. ज्या कुटुंबानें जमीन गमावून पाण्यावर पोट भरावयास शिकून घेतलें, त्याच्या हातीं ही साधी गणना आली, तर कर्जाचा बराचसा भार वांचेल. आणि वांचलेल्या पैशांतून एक जाळें जास्त विणतां येईल.